न सांगितलेल्या प्रयोगांतले प्राणी

नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात २००८ आणि २००९ साली प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांना मंजुरी मिळाली, त्यांचे पुढे काय झाले याचा माग तिथल्याच संशोधकांनी काढला. त्या प्रयोगांत ५,५९० प्राणी वापरले गेले होते. नंतरच्या वर्षांत प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांत त्यांपैकी १,४७१ प्राण्यांचाच हिशेब लागला, म्हणजे जेमतेम २६ टक्के. बाकीचे प्राणीही पिंजऱ्यातच राहिले, त्यांच्यावरही काही ना काही केले गेले. पण त्यातून काय कळले हे जगाला सांगितले गेले नाही.

हा अहवाल २०२० साली आला. तो लिहिणाऱ्यांविषयी मला आदर वाटतो, कारण स्वतःच्या संस्थेची वही चारचौघांत उघडायला धैर्य लागते. इतर संस्थांतले चित्र यापेक्षा फार चांगले असेल असे मानायला मला कारण दिसत नाही. बहुतेक ठिकाणी कोणी अशी वही उघडलेलीच नाही.

प्राण्यांवरच्या प्रयोगांचा वाद आपल्याला परिचयाचा आहे. एक बाजू म्हणते, हे प्रयोग नसते तर औषधे नसती, लशी नसत्या. दुसरी म्हणते, ज्याला नकार देता येत नाही त्याला दुखवण्याचा हक्क कोणालाच नाही. दोन्ही बाजूंची माणसे प्रामाणिक असतात आणि वाद तिथल्या तिथे फिरत राहतो. या वादात एक गोष्ट मात्र दोघांच्याही नजरेतून निसटते. प्रयोग करण्याची परवानगी समाज एका अटीवर देतो, आणि ती अट म्हणजे मिळणारे ज्ञान. हे ज्ञान मिळवण्याचा आणि सांगण्याचा प्रयत्न झाला नसेल, तर त्या परवानगीला आधार उरत नाही. मग प्राण्याला झालेली इजा ही नुसती इजा असते. काही प्रयोग आज टाळता येत नाहीत हे मी मान्य करतो, आणि नेमके ते मान्य केल्यामुळेच मला असे वाटते की प्राण्यांवरच्या प्रत्येक प्रयोगाची आगाऊ नोंद (काय करणार आणि कसे करणार, हे सुरू करण्याआधीच नोंदवहीत लिहिणे) आणि निकाल काहीही लागला तरी त्याची प्रसिद्धी, या दोन गोष्टी मंजुरीच्याच अटी असायला हव्यात. ज्या संस्थेला त्या पाळता येत नाहीत, तिला पुढची मंजुरी मिळू नये.

टाळता येत नाहीत असे मी का म्हणतो, ते आधी सांगतो. १९२१ साली टोरोंटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांची स्वादुपिंडे काढून त्यांना मधुमेही केले आणि दुसऱ्या कुत्र्यांच्या स्वादुपिंडांचा अर्क टोचून त्यांची रक्तशर्करा उतरते का हे पाहिले. त्या काळी मधुमेह झालेल्या लहान मुलासाठी डॉक्टरांकडे एकच उपाय होता: उपासमार. अन्न इतके तोडायचे की मूल हाडांचा सापळा होऊन थोडे अधिक दिवस जगेल. जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला तो अर्क, म्हणजेच इन्सुलिन, टोचला गेला. पहिला डोस पुरेसा शुद्ध नव्हता, म्हणून जेम्स कॉलिप यांनी तो अधिक शुद्ध करून दिल्यावर मुलगा सावरला आणि पुढे १३ वर्षे जगला. त्या कुत्र्यांचे जे झाले ते भयंकर होते. तरीही त्या वेळी दुसरा कोणता मार्ग होता, असे मला कोणी विचारले तर माझ्याकडे उत्तर नाही.

पण इन्सुलिनची गोष्ट इथे संपवली की ती अर्धीच सांगून होते, आणि तशीच ती नेहमी सांगितली जाते. इन्सुलिन बाजारात आल्यावर प्रत्येक खेपेची ताकद मोजणे भाग होते, आणि ती मोजली जाई सशांवर किंवा उंदरांवर. उपाशी सशाच्या रक्तातली साखर किती उतरते यावरच मुळात इन्सुलिनचे ‘युनिट’ ठरले होते. हे काम अनेक दशके चालले आणि त्यात नवे ज्ञान काहीच मिळत नव्हते. ती निव्वळ मोजदाद होती. पुढे रेणूची रचना समजली, रासायनिक पद्धतीने शुद्धता आणि मात्रा मोजता येऊ लागली, १९८२ साली जिवाणूंकडून तयार करून घेतलेले मानवी इन्सुलिन आले, आणि ससा या हिशेबातून हळूहळू बाहेर पडला. एका शोधासाठी काही कुत्रे गेले, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्यानंतरच्या मोजदादीत किती ससे गेले, हे कोणी विचारत नाही.

अपरिहार्यता कायमची नसते, याची अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. १९२७ साली बर्लिनमध्ये सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक यांनी गर्भधारणेची खात्रीशीर चाचणी शोधली. स्त्रीची लघवी उंदराच्या अल्पवयीन मादीला टोचायची, काही दिवसांनी तिला मारायचे आणि बीजांडकोश तपासायचे. पुढच्या दशकात आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकाची मादी हे काम करू लागली. तिला लघवीचा अंश टोचला की ती काही तासांत अंडी घाली, त्यामुळे तिला मारावे लागत नसे आणि काही काळाने पुन्हा वापरता येई. १९६० च्या दशकात प्रतिपिंडांवर (शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतल्या प्रथिनांवर) आधारलेली चाचणी आली आणि चाचणीसाठी जिवंत प्राण्याची गरजच संपली. उंदीर, बेडूक, मग काचनळी. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर चाचणी अधिक सोपी आणि स्वस्त होत गेली.

इंजेक्शनच्या औषधात ताप आणणारे जिवाणूजन्य अंश आहेत का, हे पाहण्यासाठी सशाला जखडून ठेवून त्याच्या गुदद्वारातून तापमान मोजण्याची चाचणी विसाव्या शतकाचा मोठा भाग चालली. मग घोड्याच्या नालेसारख्या कवचाच्या समुद्री खेकड्याच्या निळ्या रक्तापासून चाचणी तयार झाली, ती सशांच्या चाचणीपेक्षा कितीतरी संवेदनशील निघाली. नंतर सिंगापूरच्या संशोधकांनी त्या रक्तातले कळीचे प्रथिन प्रयोगशाळेत बनवले आणि खेकड्याचे रक्त काढण्याचीही गरज उरली नाही. युरोपच्या औषधसंहितेने सशांची ती चाचणी आता काढून टाकण्याचा निर्णय घेतला आहे.

मात्र या बदलांना लागलेला वेळ पाहिला की मन विषण्ण होते. सशाच्या डोळ्यात रसायन घालून जळजळ मोजण्याची ड्रेझ चाचणी १९४४ ची. तिच्याविरुद्ध प्राणिहक्कांचे कार्यकर्ते हेन्री स्पायरा यांनी मोठी मोहीम उघडली ती १९८० साली. कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या डोळ्यांच्या बुबुळपटलावर केलेल्या चाचणीला आंतरराष्ट्रीय मान्यता २००९ मध्ये मिळाली, आणि मानवी पेशींपासून घडवलेल्या पटलावरच्या चाचणीला २०१५ मध्ये. ठरावीक संख्येतले निम्मे प्राणी मरतील इतकी विषाची मात्रा शोधण्याची पद्धत १९२७ साली मांडली गेली. प्राण्यांचा एवढा मोठा खर्च करून मिळणारा तो आकडा फारसा उपयोगाचा नाही, हे खुद्द विषशास्त्रज्ञ अनेक वर्षे सांगत होते. तरी तिची जुनी कार्यपद्धती आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांतून रद्द व्हायला २००२ साल उजाडले. या पाऊणशे वर्षांत विज्ञान थांबलेले नव्हते, थांबली होती ती नियमावली. तक्त्यात रकाना आहे म्हणून आकडा भरायचा आणि आकडा हवा म्हणून प्राणी मारायचे, असे ते चक्र होते.

या नियमांना स्वतःचा इतिहास आहे आणि तो क्षुल्लक नाही. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचे औषध डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवून विकले गेले. त्याची कोणत्याही प्राण्यावर चाचणी झाली नव्हती. शंभराहून अधिक माणसे मेली, त्यांत अनेक मुले होती. पुढच्याच वर्षी औषध विकण्याआधी सुरक्षितता सिद्ध करण्याची सक्ती करणारा कायदा आला आणि व्यवहारात ती सिद्धता म्हणजे प्राण्यांवरच्या चाचण्या, असे समीकरण बसले. १९५७ साली विक्रीला आलेल्या थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाने दहा हजारांहून अधिक बाळांना जन्मतः व्यंग दिले. ते प्राण्यांवर तपासलेले होते, पण गर्भावर त्याचा काय परिणाम होतो हे पुरेसे पाहिले गेले नव्हते. शिवाय या औषधाने उंदरांच्या पिलांत सहसा व्यंग येत नाही, सशांच्या आणि माकडांच्या पिलांत येते, हेही नंतर लक्षात आले. म्हणून या एकाच दुर्घटनेचा दाखला दोन्ही बाजू देतात आणि दोघांचेही अर्धे खरे असते.

माकडसुद्धा माणूस नसते, हे २००६ साली लंडनमध्ये दिसले. टीजीएन१४१२ नावाचे, औषध म्हणून बनवलेले प्रतिपिंड सहा निरोगी स्वयंसेवकांना दिले गेले. माकडांना जी मात्रा सोसली होती तिच्या पाचशेव्या हिश्श्याइतकी ती मात्रा होती. काही तासांत सहाही जणांची प्रतिकारशक्ती त्यांच्याच शरीरावर उलटली आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. कारण नंतर उमगले: ज्या पेशींवर ते औषध काम करते, त्या प्रकारच्या पेशींवरचा तो विशिष्ट रेणू या माकडांमध्ये नसतोच. प्रश्न मुळात त्या प्राण्याला विचारण्याजोगाच नव्हता. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा बदलून प्राण्यांवरच्या चाचण्यांची सक्ती काढली आणि पर्यायी पद्धतींना दार उघडले, त्यामागे असे अनुभव आहेत. त्याच वर्षी मानवी यकृताच्या पेशी वसवलेल्या चिपवर २७ औषधे तपासल्याचा निबंध आला. यकृताला इजा करणाऱ्या औषधांपैकी ८७ टक्के तिने ओळखली आणि निरुपद्रवी औषधावर खोटा आळ घेतला नाही. ते काम चिप बनवणाऱ्या कंपनीचेच आहे, त्यामुळे इतरांनी ते पडताळायला हवे. पण दिशा स्पष्ट आहे.

आता प्रश्न राहतो तो आज, या घडीला, पिंजऱ्यात असलेल्या प्राण्याचा. त्याच्या बाबतीत सर्वांत मोठा अन्याय निकृष्ट प्रयोगामुळे होतो, असे माझे ठाम मत आहे. २००९ साली ब्रिटन आणि अमेरिकेतल्या सार्वजनिक निधीवर झालेल्या प्राणिप्रयोगांचे २७१ शोधनिबंध तपासले गेले. प्राण्यांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे निःपक्षपातीपणे पाडले होते का, याचा उल्लेख ८७ टक्के निबंधांत नव्हता. कोणत्या पिंजऱ्याला औषध दिले आणि कोणत्याला नाही, हे मोजमाप करणाऱ्याला ठाऊक नव्हते याची ग्वाही ८६ टक्के निबंधांत नव्हती. या काही बारीकसारीक तांत्रिक बाबी नाहीत. संशोधकाला औषध चालावे असे वाटत असते, आणि हात व डोळे नकळत त्या इच्छेच्या बाजूने झुकतात. ते झुकू नयेत म्हणून केलेली ही किमान व्यवस्था आहे. माणसांवरच्या औषधचाचणीत ती नसेल तर निबंध कोणी हातात धरत नाही.

याची किंमत कोणी मोजली, हे एएलएस या आजाराच्या इतिहासात दिसते. स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत जातात, माणूस हळूहळू हलणे, बोलणे, गिळणे गमावतो आणि शेवटी श्वासही. या आजाराचे जनुक घातलेल्या उंदरांमध्ये आयुष्य वाढवणारी औषधे सापडल्याचे निबंध वर्षानुवर्षे येत होते. मिनोसायक्लिन त्यांतलेच. २००७ साली ४१२ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला, तेव्हा दिसले की हे औषध घेणारे रुग्ण न घेणाऱ्यांपेक्षा वेगाने खालावत होते. पुढच्या वर्षी या आजारावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एका संस्थेने सत्तरहून अधिक औषधे उंदरांवर मोठ्या गटांत, काटेकोरपणे पुन्हा तपासली. आधी गाजलेल्या औषधांपैकी एकाचाही फायदा टिकला नाही. पूर्वीच्या प्रयोगांतले गट फार लहान होते, नर-मादीचे प्रमाण सांभाळले नव्हते, एकाच विणीतली भावंडे गटांत नीट वाटली नव्हती, भलत्याच कारणाने मेलेले उंदीरही हिशेबात धरले होते. ज्याला परिणाम समजले गेले, तो योगायोग होता. उंदीर मेले, आणि त्या उंदरांवर विसंबून आयुष्याचे मोजके दिवस चाचणीला दिलेल्या रुग्णांच्या पदरी निराशा आली. प्राण्यांची बाजू घेणारे आणि रुग्णांची बाजू घेणारे यांनी एकमेकांसमोर उभे राहण्याचे कारणच नाही, असे मला इथे वाटते. दोघांची फसवणूक एकाच ठिकाणी झाली.

प्राण्यांची निगा हा विषय इथेच येऊन मिळतो. निगा म्हणजे प्राण्यावर केलेली दया, संशोधनाच्या खर्चातली एक चांगुलपणाची बाब, असे अजूनही मानले जाते. मला ते मुळातच चूक वाटते. १९५९ साली विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तीन तत्त्वे मांडली: शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरा, प्राण्यांची संख्या कमी करा, आणि जे प्राणी वापराल त्यांचा त्रास कमी करा. आज जवळपास सगळे कायदे यावर उभे आहेत. पण त्या दोघांनी आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगितली होती, ती कमी लोकांना आठवते. त्रासात असलेल्या प्राण्याकडून विश्वासार्ह उत्तर मिळत नाही. माणुसकी आणि काटेकोर विज्ञान यांची वाट एकच आहे.

त्यांचे म्हणणे किती खरे होते याचे पुरावे गेल्या पंधरा-वीस वर्षांत साचत गेले आहेत. जगभरातल्या प्राणीगृहांत उंदीर उचलतात तो शेपटीला धरून. पिढ्यान्‌पिढ्या असेच शिकवले जाते. २०१० साली लिव्हरपूल विद्यापीठात जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी दाखवले की शेपटीने उचललेले उंदीर माणसाच्या हाताला बिचकतात आणि चिंतेची लक्षणे दाखवतात. प्लास्टिकच्या नळीत शिरू देऊन किंवा ओंजळीत घेऊन उचललेले उंदीर मात्र आपणहून हाताजवळ येतात. आता विचार करा, चिंता कमी करणारे औषध तपासणाऱ्या किती प्रयोगांत उंदीर शेपटीने उचलून मोजमापाच्या जागी ठेवले गेले असतील.

तापमानाचेही तसेच. उंदराला अंगात ऊब टिकवण्यासाठी वेगळी धडपड करावी लागू नये, असे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. प्राणीगृहे २० ते २४ अंशांवर ठेवतात, कारण झगे आणि हातमोजे घालून काम करणाऱ्या माणसाला तेच सोयीचे. म्हणजे जगातले बहुतेक प्रयोगशाळेतले उंदीर जन्मभर थोडेफार कुडकुडत असतात. २०१३ साली अमेरिकेत बफेलो इथल्या कर्करोग संस्थेतल्या संशोधकांनी उंदरांना ३० अंशांच्या आसपास ठेवले, तर त्यांच्यातल्या गाठी थंड खोलीतल्या उंदरांपेक्षा सावकाश वाढल्या आणि प्रतिकारशक्तीने त्यांच्याशी अधिक जोमाने झुंज दिली. खोलीचा काटा सात-आठ अंश इकडे-तिकडे आणि कर्करोगाचे वागणेच वेगळे. घरटे बांधायला भरपूर कागदी धागे दिले तर उंदीर स्वतःची ऊब स्वतः राखतात. इतका साधा उपाय, आणि तो सगळीकडे अजून पोचलेला नाही याचे मला खरोखर दुःख होते.

२०१४ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातून आलेला निष्कर्ष तर आणखी चकित करणारा होता. खोलीत पुरुष असेल, किंवा पुरुषाने घातलेला टी-शर्ट नुसता ठेवलेला असेल, तरी उंदरांवर इतका ताण येतो की त्यांची वेदनेची जाणीवच काही काळ दबते. वेदनेवरचे कितीतरी संशोधन करताना प्रयोग करणारा पुरुष होता की स्त्री, याची नोंदही झालेली नाही. त्याआधी, १९९९ साली, अमेरिकेतली आल्बनी आणि पोर्टलंड आणि कॅनडातले एडमंटन अशा तीन शहरांतल्या प्रयोगशाळांनी त्याच त्या वाणांचे उंदीर, एकसारखी उपकरणे आणि एकच वेळापत्रक वापरून वर्तनाचे प्रयोग केले होते. तरी काही निष्कर्ष प्रयोगशाळेगणिक वेगळे निघाले. आपण प्राण्याला जे विचारतो, त्यासोबत त्याची खोली, हवा, वास आणि हाताळणी हेही उत्तरात मिसळून येते. प्राण्याला काय वाटते हे न पाहणारा संशोधक नुसता निष्ठुर ठरत नाही, तो स्वतःच्याच मोजमापाकडे पाठ फिरवतो.

आणि हे पाहतो कोण? रोज सकाळी पिंजरे बदलणारी, भुसा टाकणारी, पाण्याच्या बाटल्या भरणारी माणसे. कोणता उंदीर कालपासून कोपऱ्यात पाठ वाकवून बसला आहे, कोणत्या सशाने खाणे सोडले, कोणते माकड स्वतःचेच केस उपटते आहे, हे त्यांना आधी कळते. निबंधावर त्यांचे नाव नसते. अनेक ठिकाणी नैतिकता समितीच्या टेबलाशी त्यांना खुर्चीही नसते. ज्यांना त्या प्राण्यांचा लळा लागतो, त्यांच्याच हातांना शेवटचे इंजेक्शन द्यावे लागते. त्या मनावरच्या ओझ्याविषयी संस्थांनी बोलायला अलीकडे कुठे सुरुवात केली आहे. समितीत प्राणीगृहातल्या एका कर्मचाऱ्याला मतासह जागा असावी आणि ‘आता थांबा’ असे सांगण्याचा त्याचा अधिकार लेखी असावा, ही माझी मागणी काहींना किरकोळ वाटेल. मला ती समितीवर आणखी एखादा प्राध्यापक नेमण्यापेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

कायदे कमी आहेत असे नाही. ब्रिटनने १८७६ सालीच कायदा केला होता. भारताचा १९६० चा कायदा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या पाठपुराव्यातून आला. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा वापरू नये, आणि निव्वळ हाताला सराव व्हावा म्हणून प्रयोग करू नये, अशा गोष्टी त्याने तेव्हाच लिहून ठेवल्या. युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशाने ऑक्टोपस आणि त्याच्या कुळातल्या प्राण्यांनाही संरक्षण दिले. याच्या अगदी उलट, अमेरिकेच्या प्राणिकल्याण कायद्यातून २००२ साली संशोधनासाठी वाढवलेले उंदीर आणि पक्षी वगळले गेले. प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरला जाणारा प्राणीच ‘प्राणी’ या व्याख्येबाहेर राहिला. याचा बचाव करता येईल असा युक्तिवाद माझ्या तरी वाचनात आलेला नाही.

तरीही चांगल्या कायद्यांतसुद्धा समितीचे प्रश्न बहुधा सुरुवातीचे असतात: किती प्राणी, कोणती भूल, कोणते वेदनाशामक, शेवट कसा. काम संपल्यावर ‘मिळाले काय आणि सांगितले कुठे’ हे विचारणारे फार थोडे. नकारात्मक निकाल छापून आणण्यात संशोधकाला ना बढती ना निधी. मग तो निकाल कपाटात जातो, आणि दुसऱ्या देशातला कोणीतरी तोच प्रयोग, तितकेच प्राणी वापरून, अज्ञानातून पुन्हा करतो.

यावरच्या दोन आक्षेपांना उत्तर द्यायला हवे. पहिला शास्त्रज्ञांचा. ते म्हणतात, आगाऊ नोंद केली तर कल्पना चोरीला जाईल, आणि उघडपणे सांगितले तर विरोधक दारात येतील. पहिल्या भीतीवर सोय आहे: जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने २०१९ मध्ये सुरू केलेल्या नोंदवहीत तपशील ठरावीक काळ बंद ठेवता येतो. दुसऱ्या भीतीला आधार आहे, कारण संशोधकांवर हल्ले झाले आहेत आणि ते निंद्य आहेत. पण ब्रिटनमधल्या संस्थांनी २०१४ साली मोकळेपणाचा जाहीरनामा स्वीकारला, प्राणी वापरतो हे स्वतःच्या संकेतस्थळावर सांगितले, आणि त्याने संशोधन बंद पडले नाही. लपवलेली गोष्ट उघड झाल्यावर जो संताप येतो तो सांगितलेल्या गोष्टीविषयी येत नाही.

दुसरा आक्षेप प्राणिहक्कवाद्यांचा, आणि तो मला अधिक टोचतो. ते म्हणतात, तुम्ही पिंजरा साफसुथरा करून त्याचे आयुष्य वाढवता आहात. यावर मी चिंपांझींचे उदाहरण देईन. २०११ साली अमेरिकेतल्या वैद्यकीय तज्ज्ञांच्या समितीने चिंपांझींवरच्या प्रयोगांविषयी एकच कडक प्रश्न विचारला: हे खरेच आवश्यक आहे का, दुसऱ्या कशाने भागत नाही का? उत्तर आले की त्या वेळचे बहुतेक प्रयोग अनावश्यक आहेत. २०१५ साली तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने चिंपांझींवरच्या संशोधनाचा आधार काढून घेतला. बंदीची घोषणा आधी झालेली नव्हती. आवश्यकतेचा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला गेला आणि पिंजरे रिकामे होऊ लागले. हाच प्रश्न उंदराविषयी इतक्याच गांभीर्याने विचारायचा तर आधीच्या सगळ्या प्रयोगांचे निकाल समोर हवेत. जे छापलेच नाही ते समितीला कसे दिसणार?

माणसांवरच्या औषधचाचण्यांतही एके काळी हेच होते. गैरसोयीचे निकाल दडवले जात. मग प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी जाहीर केले की, पहिला रुग्ण घेण्याआधी सार्वजनिक नोंदवहीत नोंद नसेल तर २००५ पासून आम्ही निबंध छापणार नाही. त्या वर्षी मे ते ऑक्टोबर या अवघ्या पाच महिन्यांत अमेरिकेच्या सरकारी नोंदवहीतल्या चाचण्या सुमारे १३ हजारांवरून २२ हजारांच्या पुढे गेल्या. कल्पना चोरीला जाण्याची भीती तेव्हाही होती. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी जर्मनीची नोंदवही आहे, २०१८ पासून नेदरलँड्समधली आहे, दोन्हींत जगातल्या कोणत्याही संशोधकाला नोंद करता येते. पण त्या ऐच्छिक आहेत, म्हणून बऱ्याच अंशी रिकाम्या आहेत. संपादकांनी तीच अट इथे घालावी, निधी देणाऱ्यांनी शेवटचा हप्ता निकाल जाहीर होईपर्यंत राखून ठेवावा, आणि समित्यांनी नवा अर्ज हातात घेण्याआधी त्या संशोधकाच्या मागच्या प्रयोगांतल्या प्रत्येक प्राण्याचा हिशेब मागावा. यासाठी नवा शोध लागण्याची वाट पाहावी लागत नाही.